मुरुडचा विद्यार्थी : महर्षी धोंडो केशव कर्वे

आपल्या चित्पावन ज्ञातीत आज घरोघर पदवीधर आहेत. त्यामुळे पदवी मिळविणे एके काळी किती दुष्कर होते, याची कल्पना तरुण पिढीस येत नाही. ती यावी एवढ्यासाठी महर्षी अण्णासाहेब कर्वे यांचे विद्यार्थिजीवन आम्ही येथे सादर करीत आहोत.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली येथे झाला. बालपण दापोली तालुक्यातील मुरुडास गेले. घरची स्थिती ओढग्रस्तीची, आणि इंग्रजी विद्येचा वारसा नाही. सन १८७५ मध्ये मराठी सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसावयाचे होते. वादळी हवेमुळे मुंबईचा जलमार्ग बंद. तेव्हा सातारा गाठणे प्राप्त झाले. भर पावसात, पाठीशी बोचके बांधून, कुंभार्ली घाट चढून सुमारे ११० मैल ते पायी गेले. आणि तेथे काय झाले? सतरा वर्षे पुरी झालेली असूनही अंगाने किरकोळ दिसतात, म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही! पुढे कोल्हापुरास ते ही परीक्षा उत्तीर्ण झाले.

मॅट्रिक झाले ते तेविसाव्या वर्षी, मुंबईच्या रॉबर्ट मनी शाळेतून. शिकवण्या करून खर्च भागवीत १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

येथवर लिहून थांबणे आम्हांस सोयीचे झाले असते. परंतु ते प्रामाणिकपणाचे नव्हे. ११ मार्च १८९३ रोजी, प्रथम पत्नीच्या निधनानंतर, अण्णांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला. नंतर ते मुरुडास गेले, तेव्हा ज्या गावाच्या हितासाठी त्यांनी मुरुड फंड उभारला होता, त्याच गावाने, म्हणजे आपल्याच ज्ञातिबांधवांनी, सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना थारा दिल्यास त्यांनाही वाळीत टाकण्याचे ठरले. आज त्यांची तसबीर सभागृहात लावताना ही गोष्ट आपण सहसा काढीत नाही.

अण्णांनी कोणाशी वैर धरले नाही. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. पुढे तो हिंगण्यास स्थिरावला. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. ज्यांच्या घरात कोणा स्त्रीने पाटी हाती धरली नव्हती, अशा कित्येक मुली तेथे शिकल्या. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न किताब मिळाला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.