हिमकण टिपणारा शेतकरी

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको नावाचे खेडे आहे. तेथील एका शेतकरी कुटुंबात ९ फेब्रुवारी १८६५ रोजी विल्सन बेंटली यांचा जन्म झाला. चौदाव्या वर्षापर्यंत त्यांचे शिक्षण घरीच, आईच्या हाताखाली झाले. पंधराव्या वर्षी आईने दिलेल्या जुन्या सूक्ष्मदर्शकातून त्यांनी हिमकण पाहिला आणि त्याच्या षट्कोनी रचनेने ते भारावून गेले. ते आकृत्या काढू लागले. पण आकृती पूर्ण होण्याआधीच हिमकण विरघळून जाई.

पुढे वडिलांनी, मनाविरुद्ध का होईना, मोठा खर्च करून कॅमेरा घेऊन दिला. कडाक्याच्या थंडीत बेंटली काळ्या फळीवर हिमकण झेलत, श्वास रोखून ते काचपट्टीवर ठेवत आणि पिसाने हलकेच सपाट करत. अनेक प्रयत्न फसल्यावर १५ जानेवारी १८८५ रोजी पहिले छायाचित्र साधले. गावकरी हसत, तरीही शेती सांभाळून त्यांनी पाच हजारांहून अधिक हिमकण टिपले. त्यांतील सुमारे २,४०० छायाचित्रांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

हिमाचे थर परस्परांना कितपत धरून आहेत, याचा अंदाज कणांच्या आकारावरून येतो. म्हणूनच आज हिमस्खलनापासून बचावाचे प्रशिक्षण देताना बर्फात खड्डा खणून थरांतील कण भिंगाखाली पाहायला शिकवतात. बेंटली यांनी हिमस्खलनाचा अभ्यास केला नव्हता. पण इवल्याशा हिमकणाकडे इतक्या बारकाईने पाहण्याची दृष्टी या शेतकऱ्याने जगाला दिली.