इतिहासाचार्य राजवाडे आणि दुसऱ्याचे दप्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले. त्या गोष्टीला आता सुमारे शंभर वर्षे झाली. जन्माने ते कोकणचे, शिक्षणाने व कर्तृत्वाने पुण्याचे. पण त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांचा सांभाळ केला तो खानदेशाने, आणि म्हणून खानदेशाला त्यांच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते. शाळेच्या पुस्तकांतून राजवाडे भेटतात ते थोर संशोधक म्हणून. ते योग्यच आहे. परंतु या माणसाने उभ्या आयुष्यात नेमके काय केले, असा साधा प्रश्न विचारला तर त्याचे उत्तरही साधेच द्यावे लागेल. त्यांनी दुसऱ्यांच्या घरांतील खासगी कागद गोळा केले. आज भुसावळच्या फलाटावर गाडीची वाट पाहत मोबाइलवर काहीबाही शोधणाऱ्या शिक्षकाचे, कारकुनाचे, विद्यार्थ्याचे खासगी कागदही कोणीतरी गोळा करीतच आहे. मग या दोन गोळा करण्यांत अंतर कोणते? हे पाहायचे तर राजवाड्यांच्या चरित्राकडेच वळले पाहिजे.

राजवाड्यांचा जन्म १८६३ सालचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पुण्यात शिक्षण झाले ते रखडत आणि शिक्षकांशी फटकून वागत. डेक्कन कॉलेजातून १८९०च्या सुमारास ते पदवीधर झाले. काही काळ शिक्षकी केली, पण ती मानवली नाही. लग्न झाले, पत्नी लवकरच वारली आणि पुन्हा संसार मांडण्याचा विचार त्यांनी केला नाही. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत या ईर्षेने त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालविले, प्लेटोचा ‘रिपब्लिक’ मराठीत आणला. इंग्रजी उत्तम येत असूनही आपले लेखन मराठीतच करायचे हा त्यांचा हट्ट होता, आणि तो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. इथपर्यंतचे राजवाडे म्हणजे त्या काळच्या पुण्यातील अनेक बुद्धिमान, तापट आणि निष्कांचन तरुणांपैकी एक होते.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते वाईस. पानिपतच्या मोहिमेसंबंधीची अस्सल पत्रे तेथे त्यांच्या हाती लागली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. पुढे असे २२ खंड निघाले. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ पासून प्रमाण मानला जात होता. या खंडांनी त्याला पहिला मोठा धक्का दिला, तोही आवेशाने नव्हे, तर मोडीतील पत्रे जशीच्या तशी समोर मांडून.

ही पत्रे राजवाड्यांना घरोघर हिंडून का मिळवावी लागली? पेशव्यांचे मोठे दप्तर तर पुण्यातच होते. पण ते इंग्रज सरकारच्या ताब्यात होते आणि एतद्देशीय अभ्यासकाला त्याचे दार बंद होते. आपल्याच पूर्वजांनी लिहिलेली पत्रे पाहण्याची मुभा नातवंडांना नव्हती. राजवाड्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी गोविंद सखाराम सरदेसाई यांनी या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ भाग १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ते दार किलकिले झाले. माहिती आमची, कुलूप तुमचे आणि किल्लीही तुमचीच, हा व्यवहार काही संगणकाच्या युगात प्रथम जन्मास आलेला नाही.

सरकारी दार बंद, म्हणून राजवाडे खासगी दारे ठोठावू लागले. जुनी सरदार घराणी, देशपांडे-देशमुखांचे वाडे, मठ, देवस्थाने, जोशी-कुळकर्ण्यांची घरे. बरोबर सामान असे ते अगदी बेताचे. स्वयंपाक बहुधा हातानेच करायचा, आणि चालायचे तर मैलोगणती. एवढे करून दारात उभे राहिल्यावर स्वागतच होईल याची शाश्वती नव्हती. कागद आहेत, पण दाखवणार नाही, असे म्हणणारे पुष्कळ भेटत. या लोकांना अडाणी म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अन्यायाची वाटते. इनाम कमिशनची आठवण महाराष्ट्रात अजून ताजी होती. १८५२च्या कायद्याने या कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपल्या हक्काचे कागद काढून दाखवावे लागले. ज्यांचे पुरावे अपुरे ठरले त्यांची इनामे गेली. घरातला कागद एकदा परक्याच्या हाती गेला की तो आपल्यावरच उलटू शकतो, हे ज्ञान त्या घराण्यांना पुस्तकातून मिळालेले नव्हते.

आपल्या भागाला तर हे विशेष ठाऊक असावयास हवे. त्याच १८५२ साली खानदेशात नव्या जमीनमोजणीला विरोध करण्यासाठी सावदा, फैजपूर, एरंडोल येथे हजारो शेतकरी जमले आणि सरकारला लष्कर आणून तो उठाव मोडावा लागला. आपले शेत कोणीतरी साखळीने मोजणार, वहीत मांडणार आणि त्या वहीच्या आधाराने आपल्याकडून अधिक वसूल करणार, ही त्यांची शंका निराधार होती असे म्हणण्याचे धाडस कोण करील? मोजणारा कोण आणि मोजणी कोणाच्या फायद्याची, हे त्यांनी विचारले. भुसावळपासून सावदा-फैजपूर किती जवळ! तरी आपल्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना हा प्रसंग माहीत आहे, कोण जाणे.

अशा पोळलेल्या लोकांसमोर राजवाडे उभे राहत. त्यांच्यापाशी ना हुकूम, ना पैसा. समोरच्याला पटवणे, त्याची मर्जी सांभाळणे, नाही म्हणाला तर परत फिरणे आणि पुन्हा केव्हातरी येणे, एवढेच मार्ग त्यांना मोकळे होते. तापट म्हणून प्रसिद्ध असलेल्या या माणसाने दुसऱ्याच्या उंबरठ्यावर किती संयम पाळला असेल याची कल्पना केली म्हणजे नवल वाटते. कागद मिळाला की तो उतरवून घेत, छापीत. आणि कोणत्या घराण्याच्या दप्तरातून काय मिळाले याचा निर्देश खंडांतून होत असे. देणाऱ्याला आपण काय दिले ते ठाऊक असे, घेणाऱ्याला आपण कोणाचे ऋणी आहोत ते ठाऊक असे, आणि छापलेला खंड कोणीही उघडून पाहू शकत असे.

आता आजच्या दप्तरदारांकडे पाहू. आपण मोबाइलवर एखाद्या रोगाचे नाव टाकतो, कर्जाचा दर पाहतो, मुलीसाठी स्थळ शोधतो. हजारो संकेतस्थळांवर जाहिरात कंपन्यांच्या आज्ञावल्या बसविलेल्या असतात. अशी कंपनी आपल्या यंत्रात कुकी नावाची एक खूण ठेवून देते. आपण दुसऱ्या पानावर गेलो आणि तेथेही तिचीच आज्ञावली असली, की ती खूण पाहून तोच हा माणूस, असे ती ओळखते. नाव कळले नाही तरी तिचे काही अडत नाही. सकाळी कोणते औषध शोधले, दुपारी कोणती नोकरी, रात्री कोणता सावकार, या साऱ्याची मिळून जी वही तयार होते ती राजवाड्यांना सापडलेल्या कोणत्याही बाडापेक्षा अधिक खासगी असते. घराण्याच्या दप्तरात माणसे निदान जे लिहून ठेवावेसे वाटले तेवढेच लिहीत. येथे मनात येऊन गेलेली भीतीसुद्धा नोंदली जाते.

आणि या वहीपर्यंत आपल्याला नेणारी वाटही आपण निवडलेली नसते. नव्या फोनमध्ये शोध घेण्याची जी पेटी आधीपासून बसविलेली असते, तिला डिफॉल्ट म्हणतात. ती जागा गूगल पैसे मोजून घेते. अमेरिकेतील खटल्यात उघड झाले की २०२२ या एका वर्षात या जागेसाठी गूगलने अ‍ॅपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. भुसावळकरांना हा व्यवहार समजावून सांगण्याची गरज नाही. फलाटावर दाराशीच असलेल्या चहाच्या स्टॉलसाठी ठेकेदार जास्त रक्कम का मोजतो? दुसऱ्या टोकाला कोणी चहा विकू नये असा काही नियम नसतो. पण गाडीतून उतरलेला प्रवासी पूल चढून पलीकडे जाणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. वॉशिंग्टनमधील संघराज्य न्यायालयाचे न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी गूगलने आपली मक्तेदारी बेकायदा मार्गांनी राखल्याचा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी अनन्य स्वरूपाच्या करारांना मनाई केली. मात्र जागेसाठी पैसे देण्यावर सरसकट बंदी घातली नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि त्यानंतर नव्या अँड्रॉइड फोनवर शोधयंत्र निवडण्याची सोय देण्याचे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. सोय झाली, हे चांगलेच. पण माणूस सहसा निवड बदलत नाही, याच भरवशावर जेथे अब्जावधी डॉलर मोजले जातात, तेथे त्याच्या गप्प बसण्याला संमती म्हणायचे का?

हे सारे परदेशी कंपन्यांचेच पाप आहे असे मानून स्वस्थ बसण्याची सोय नाही. आपल्या रेल्वेचीच आयआरसीटीसी. ऑगस्ट २०२२ मध्ये तिने प्रवाशांच्या माहितीपासून उत्पन्न कसे काढता येईल हे सांगण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली. अपेक्षा होती १००० कोटी रुपयांपर्यंतच्या महसुलाची. ओरड झाली आणि त्याच महिन्यात संसदीय समितीपुढे निविदा मागे घेतल्याचे सांगण्यात आले. ज्या गावाची भाकरीच रेल्वेवर आहे, त्या गावात या बातमीची चर्चा व्हावी तेवढी झाली नाही, असे मला वाटते. तिकीट काढणारा प्रवासी आपले नाव, वय, फोन आणि जाण्याचे ठिकाण सांगतो ते प्रवासासाठी. त्याच्या दारात कोणीही उभे राहिलेले नव्हते.

राजवाड्यांना देव्हाऱ्यात बसवण्यासाठी हे लिहीत नाही. गोळा केलेल्या कागदांवरून निष्कर्ष काढताना ते घसरत, आणि जातींविषयी लिहिताना तर वाईट घसरत. कायस्थ प्रभू समाजाविषयी त्यांनी जे लिहिले त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ या पुस्तकाने खरमरीत उत्तर दिले. पण असे उत्तर देता आले ते कशामुळे? राजवाड्यांचे म्हणणे छापील होते, चव्हाट्यावर होते. ज्याच्याविषयी लिहिले त्याला ते वाचता येत होते, खोडता येत होते. आज एखादी आज्ञावली कर्जमागणाऱ्या शिक्षकाविषयी काही मत बनवते, तेव्हा ते मत त्या शिक्षकाला दिसत नाही. मग त्याने टणत्कार करायचा तो कोणाविरुद्ध?

पुण्यात १९१० साली राजवाड्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्यात मतभेद झाले, आणि स्वतः उभारलेली संस्था सोडून ते बाहेर पडले. असे सोडून जाणे त्यांच्या स्वभावातच होते. १९२२ साली ‘राधामाधवविलासचंपू’ आणि १९२४ साली ‘महिकावतीची बखर’ त्यांनी आपल्या प्रस्तावनांसह प्रसिद्ध केली. भाषेच्या व्युत्पत्तीचे काम अखेरपर्यंत चालू होते. धुळ्यास आले तेव्हा बरोबर संपत्ती म्हणाल तर बाडे, टिपणे आणि शब्दांच्या याद्या होत्या. ते गेल्यावर ती सारी रद्दीत जाऊ शकली असती. त्या काळी कितीतरी जुनी दप्तरे वाण्याच्या पुड्यांत गेली. धुळेकरांनी तसे होऊ दिले नाही. १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्यांचे अप्रकाशित कोशही पुढे या मंडळाकडून प्रसिद्ध झाले.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हाव्यात असे त्यांतच ठरले. सरकारी यंत्रणांना या कायद्यात ज्या सवलती ठेवल्या आहेत त्या फार सैल आहेत, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल. पण संमती मागणारी विनंती घटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय कंपनीने दिला पाहिजे, असे या कायद्यात म्हटले आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. इंग्रजीतील चाळीस पानी मजकुराखालचे बटण न वाचता दाबण्याऐवजी तो मजकूर मराठीतून मागता येईल. आणि वाचून झाल्यावर, वाईपासून धुळ्यापर्यंतच्या त्या जुन्या वाड्यांतील माणसे म्हणत असत तसे, दाखवणार नाही असेही म्हणता येईल.