इमाम म्हणून गेले, विद्यार्थी होऊन परतले : शेख रिफाआ तहतावी



आज आपल्या घराघरांतील मुले-मुली शिक्षणासाठी गाव सोडून मुंबई-पुण्यास आणि तेथून पुढे परदेशी जात आहेत. त्यांना निरोप देताना आई-वडिलांच्या मनात एक काळजी असते. परक्या मुलखात आपले मूल नमाज सांभाळील काय? तेथील झगमगाटाने त्याचे ईमान तर डळमळणार नाही ना? ही काळजी आजची नाही. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी अल्-अजहरचा एक तरुण आलिम याच वाटेने पॅरिसला गेला होता. त्या शेख रिफाआ राफे तहतावी (रह.) यांचे चरित्र आज आपण पाहू या.

त्यांचा जन्म १८०१ साली दक्षिण इजिप्तमधील तहता या गावी झाला. घराणे सादातांचे. पूर्वी संपन्न असलेल्या या घराण्याच्या जमिनीवरील वसुलीचे हक्क मुहम्मद अली पाशाच्या राजवटीत गेले आणि घरात तंगी आली. वडिलांचे छत्रही लवकर हरपले. मातुल घराण्यात आलिमांची परंपरा होती. त्या छायेत बालकाने कुरआन मुखोद्गत केले आणि १८१७ साली कैरोला येऊन अल्-अजहरमध्ये प्रवेश घेतला.

तेथे त्यांना शेख हसन अल्-अत्तार यांच्यासारखे गुरू लाभले. १७९८ मध्ये फ्रेंच सैन्य इजिप्तमध्ये घुसले, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विद्वानांना शेख अत्तार यांनी जवळून पाहिले होते. आपल्या लोकांनी इतिहास, भूगोल, वैद्यक आणि गणित पुन्हा हाती घेतले पाहिजे, ही तळमळ त्यांना लागून राहिली होती. तीच तळमळ शिष्याच्या मनातही उतरली.

१८२६ मध्ये मुहम्मद अली पाशाने चाळीसहून अधिक तरुणांची तुकडी शिक्षणासाठी फ्रान्सला पाठविली. तिच्याबरोबर जाणाऱ्या इमामाच्या पदासाठी शेख अत्तार यांनी रिफाआंचे नाव सुचविले आणि निघताना शिष्याला बजावले, की वाटेत व त्या देशात जे जे दिसेल ते नीट टिपून ठेव. वाचकहो, ही गोष्ट ध्यानात घ्या. रिफाआंचे काम केवळ नमाज पढविणे आणि धर्माचे मार्गदर्शन करणे एवढेच होते. त्यांना कोणी शिकण्यास सांगितले नव्हते. तरीही अलेक्झांड्रियाहून निघालेल्या जहाजातच त्यांनी फ्रेंच शिकण्यास प्रारंभ केला.

मार्सेल बंदरात उतरल्यावर रोगराईच्या भीतीने सर्वांना काही दिवस शहराबाहेर वेगळे ठेवण्यात आले. परक्या रीतीभातींचे पहिले दर्शन त्यांना तेथेच घडले. जमिनीवर बैठक नाही, सर्वत्र खुर्च्या. जेवावयास उंच मेज, प्रत्येकापुढे स्वतंत्र ताट, स्वतंत्र पेला आणि सुरी-काटे. एका ताटात बसून हाताने जेवणाऱ्या तरुणांना हे सारे नवलाचे होते. पुढे शहरातील एका कॉफीगृहात शिरताच रिफाआंना वाटले, की हा गर्दीने भरलेला एखादा रस्ताच आहे. भिंतीवरच्या मोठाल्या आरशांत स्वतःचे प्रतिबिंब दिसले, तेव्हा कुठे खरा प्रकार त्यांच्या ध्यानी आला. आपली ही फजिती त्यांनी लपविली नाही, ती मोकळेपणाने लिहून ठेवली. ज्याला शिकावयाचे असते, त्याला आपले अज्ञान कबूल करण्याची लाज वाटत नाही.

पॅरिसमध्ये एदम फ्रान्स्वा जोमार नावाच्या विद्वानाकडे या तुकडीच्या शिक्षणाची देखरेख होती. सगळे एकत्र राहिले तर भाषा येणार नाही, म्हणून पुढे विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या ठिकाणी फ्रेंच लोकांमध्ये ठेवण्यात आले. रिफाआंचा ओढा पाहून त्यांना अनुवादाच्या अभ्यासास लावले गेले. मिळणाऱ्या वेतनातून ते स्वतः पुस्तके विकत घेत आणि पदरमोड करून एका खासगी शिक्षकाकडेही शिकत. रात्र-रात्र वाचन केल्यामुळे त्यांचा डावा डोळा अधू झाला. वैद्याने रात्रीचे वाचन बंद करण्यास सांगितले, पण अभ्यास मागे पडेल या धास्तीने त्यांनी ते ऐकले नाही. भूगोल, इतिहास, गणित, कायदा असे अनेक विषय त्यांनी वाचले. मॉन्तेस्क्यू, रूसो आणि व्हॉल्तेअर यांचे लेखनही पाहिले.

पॅरिसमध्ये त्यांनी काय पाहिले? सामान्य कष्टकरी माणसालाही लिहिता-वाचता येते आणि प्रत्येक कारागीर आपल्या कसबात भर घालू पाहतो, हे त्यांनी पाहिले. ग्रंथालये, रुग्णालये, वृत्तपत्रे आणि टपालाची व्यवस्था पाहिली. एका शब्दाने मात्र त्यांना अंतर्मुख केले. आपल्याकडे आलिम म्हटले, की धर्मशास्त्राचा जाणकार डोळ्यांसमोर येतो. फ्रान्समध्ये हा मान धर्मगुरूंना नव्हे, तर गणित, वैद्यक अशा विद्यांच्या जाणकारांना होता. ज्या विद्या एके काळी मुस्लिमांनी वाढविल्या, त्याच आता आपल्या मदरशांतून हद्दपार झाल्या आहेत, ही खंत त्यांना बोचत राहिली. स्वच्छतेबाबतही तेच. ती तर आपल्या ईमानाचा भाग, आणि तिचे धडे परक्यांच्या घरांत पाहावे लागत होते.

याचा अर्थ ते भारावून गेले असा मात्र नव्हे. तेथील लोक भल्या-बुऱ्याचा निवाडा केवळ बुद्धीवर सोपवितात आणि वह्य नाकारतात, हे त्यांना मुळीच मान्य नव्हते. तेथील तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत भ्रम निर्माण करणारे बरेच काही आहे, म्हणून कुरआन आणि सुन्नतचे ज्ञान पक्के असल्याशिवाय त्यांत शिरू नये, असा इशारा त्यांनी दिला. मात्र दोष दिसले म्हणून गुण झाकले नाहीत, आणि गुण दिसले म्हणून दोषांवर पांघरूण घातले नाही. कोणाशी मतभेद असला तरी त्याच्याविषयी न्यायानेच बोलावे, ही तर इस्लामचीच शिकवण आहे.

१८३० साली त्यांच्या डोळ्यांदेखत पॅरिसमध्ये जुलै महिन्याची क्रांती झाली आणि राजा दहावा चार्ल्स पदच्युत झाला. राजालाही कायद्याचे बंधन असावे, या विचाराकडे त्यांनी बारकाईने पाहिले. फ्रान्सच्या राज्यघटनेचा त्यांनी अरबीत अनुवाद केला. ते लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतात, त्यालाच आम्ही अदल व इन्साफ म्हणतो, असे त्यांचे मत होते. त्याच वर्षी फ्रेंच सैन्याने अल्जियर्स जिंकले आणि तेथील एका बड्या धर्मगुरूने हा मुस्लिमांवरील ख्रिस्ती धर्माचा विजय म्हणून गौरविला. हे युद्ध राजकारण आणि व्यापारातील तंट्यांचे होते, धर्माचे नव्हते, असे रिफाआंनी स्पष्ट लिहून ठेवले. पाहुणा म्हणून राहत असतानाही त्यांची विवेकबुद्धी जागी होती.

१८३१ मध्ये ते मायदेशी परतले. गुरूच्या सांगण्यावरून ठेवलेल्या नोंदींचा ग्रंथ १८३४ मध्ये बुलाकच्या छापखान्यातून प्रसिद्ध झाला. १८३५ मध्ये कैरोत भाषांचे विद्यालय स्थापन झाले. ते रिफाआंनी सांभाळले, आणि त्यांच्या व शिष्यांच्या हातून शेकडो ग्रंथ अरबीत आले. वाट मात्र सरळ नव्हती. १८५० मध्ये अब्बास पाशाच्या काळात त्यांना दूर खार्तूमला एका प्राथमिक शाळेवर पाठविण्यात आले. ती हद्दपारीच होती. सोबतच्या काही शिक्षकांना तेथेच मृत्यू आला. रिफाआंनी सब्र केले आणि तेथेही एका फ्रेंच ग्रंथाचा अनुवाद सुरू ठेवला. १८५४ मध्ये पाशाच्या निधनानंतर ते परतले.

घरातही त्यांचे वागणे बोलण्याशी जुळणारे होते. आपण दुसरा विवाह करणार नाही, असे वचन त्यांनी पत्नीला लेखी दिले होते. अखेरच्या वर्षांत त्यांनी मुलामुलींच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि मुलींनाही विद्या मिळालीच पाहिजे, असा आग्रह धरला. शेवटी लेखणी वळली ती प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पवित्र चरित्राकडे. २७ मे १८७३ रोजी त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

वाचकहो, अल्-अजहरचा हा इमाम पाच वर्षे पॅरिसमध्ये राहिला आणि इमामच राहिला. शिवाय आपल्या लोकांसाठी विद्येची शिदोरी घेऊन आला. हे कशामुळे झाले? घरातून निघण्यापूर्वीच कुरआन हृदयात होते आणि सन्मार्ग दाखविणारा गुरू पाठीशी होता. मुलांना दूर पाठविताना आपण त्यांच्या कपड्यांची, पैशांची, निवासाची तजवीज करतो. ही दुसरी तजवीजही आपण केली आहे काय, हे प्रत्येक घराने स्वतःस विचारावे. ती केली असेल, तर भिऊन दार बंद करण्याचे कारण नाही.

अल्लाह आपल्या मुलामुलींना लाभदायक ज्ञान आणि अढळ ईमान देवो. आमीन.