बारूख स्पिनोझा

बारूख स्पिनोझा (जन्म : आम्स्टरडॅम, २४ नोव्हेंबर १६३२, मृत्यू : द हेग, २१ फेब्रुवारी १६७७) हा सतराव्या शतकातील डच तत्त्वज्ञ होता. रने देकार्त आणि गॉटफ्रीड लाइबनिट्स यांच्यासह त्याची गणना आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातील प्रमुख विवेकवादी तत्त्वज्ञांत केली जाते. ईश्वर आणि निसर्ग ही एकाच अनंत द्रव्याची दोन नावे आहेत, हा त्याच्या तत्त्वमीमांसेचा गाभा होय. या सिद्धान्तामुळे समकालीनांनी त्याला नास्तिक ठरविले, तर अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन कवी नोव्हालिस याने त्याला ईश्वरवेडा मानले.

कुटुंब आणि बहिष्कार

स्पिनोझाचे घराणे पोर्तुगीज ज्यूंचे होते. पोर्तुगालमध्ये १४९७ साली ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले आणि १५३६ पासून इन्क्विझिशनने अशा नवख्रिस्ती कुटुंबांवर पाळत ठेवली. १५६० मध्ये याच इन्क्विझिशनचे न्यायालय गोव्यातही स्थापन झाले. छळाला कंटाळून अनेक कुटुंबे तुलनेने सहिष्णू असलेल्या आम्स्टरडॅममध्ये आली व पुन्हा उघडपणे ज्यू धर्म पाळू लागली. स्पिनोझाचे वडील मायकेल हे तेथे व्यापारी होते. तो सहा वर्षांचा होण्याआधीच त्याच्या आईचे निधन झाले. १६५४ मध्ये वडील वारल्यावर गाब्रिएल या भावासह त्याने काही काळ पेढी सांभाळली.

हिब्रू धर्मग्रंथांचे शिक्षण त्याला समाजाच्या शाळेत मिळाले. पुढे फ्रान्सिस्कुस व्हान डेन एन्डेन याच्याकडे त्याने लॅटिनचा अभ्यास केला. २७ जुलै १६५६ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ज्यू समाजाने त्याच्यावर ‘हेरेम’ म्हणजे संपूर्ण बहिष्कार जाहीर केला. त्याच्याशी बोलण्यास, त्याच्याजवळ जाण्यास व त्याचे लेखन वाचण्यासही मनाई करण्यात आली. त्याची नेमकी कोणती मते आक्षेपार्ह होती, हे बहिष्कारपत्रात सांगितलेले नाही. स्पिनोझा समाजात परतला नाही आणि त्याने दुसरा धर्मही स्वीकारला नाही. बारूख या हिब्रू नावाऐवजी तो बेनेडिक्टुस हे समानार्थी लॅटिन रूप वापरू लागला.

उत्तरायुष्य व ग्रंथ

त्यानंतर तो रेन्सबर्ग, फोरबर्ग आणि द हेग येथे भाड्याच्या खोल्यांत साधेपणाने राहिला. सूक्ष्मदर्शक व दुर्बिणींसाठी तो भिंगे घासत असे. त्याच्या भिंगांची ख्याती ख्रिस्तियान हॉयगेन्ससारख्या शास्त्रज्ञापर्यंत पोहोचली होती. देकार्तच्या तत्त्वज्ञानाचे विवरण करणारा त्याचा ग्रंथ १६६३ मध्ये निघाला. हयातीत त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेला हा एकमेव ग्रंथ होय. ‘धर्मशास्त्रीय-राजकीय प्रबंध’ (१६७०) त्याने निनावी छापविला. बायबलची चिकित्सा इतर ग्रंथांप्रमाणे इतिहास व भाषा यांच्या आधारे करावी आणि राज्यसंस्थेने विचार व उच्चार यांचे स्वातंत्र्य राखावे, असे प्रतिपादन त्यात होते. १६७४ मध्ये हॉलंडमध्ये या ग्रंथावर बंदी आली.

१६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातील प्राध्यापकपद त्याला देऊ करण्यात आले. प्रस्थापित धर्माला धक्का लागणार नाही, अशी अपेक्षा त्या प्रस्तावात व्यक्त केलेली होती. विचारस्वातंत्र्याला कोठे मर्यादा पडतील हे आधी ठरविता येत नाही, हे ओळखून त्याने नकार दिला. ‘नीतिशास्त्र’ हा त्याचा मुख्य ग्रंथ १६७५ च्या सुमारास पूर्ण झाला. परंतु वाढता विरोध पाहून त्याने तो प्रसिद्ध केला नाही. वयाच्या ४४ व्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने तो मरण पावला. त्याच्या इच्छेनुसार घरमालकाने हस्तलिखिते असलेली पेटी आम्स्टरडॅमच्या प्रकाशकाकडे पोहोचविली आणि त्याच वर्षअखेरीस मित्रांनी ती छापली. मुखपृष्ठावर लेखकाची केवळ आद्याक्षरे होती.

तत्त्वमीमांसा

‘नीतिशास्त्र’ची रचना युक्लिडच्या भूमितीप्रमाणे व्याख्या, स्वयंसिद्धके आणि सिद्धता अशी आहे. देकार्तने मन आणि जडवस्तू ही दोन भिन्न द्रव्ये मानली होती व ती परस्परांवर परिणाम कसा करतात, हा प्रश्न त्यातून उभा राहिला होता. स्पिनोझाने द्रव्याची व्याख्याच कसोशीने लावली. जे स्वतःच्या ठायी असते आणि ज्याचे आकलन अन्य कशावरही अवलंबून नसते, ते द्रव्य. असे द्रव्य एकच असू शकते आणि तोच ईश्वर किंवा निसर्ग होय. त्याचे गुणधर्म अनंत आहेत. पैकी विचार आणि विस्तार हे दोनच मानवास ज्ञात आहेत. माणसे, झाडे, दगड हे सर्व या द्रव्याचे विकार होत. मन व शरीर ही एकाच वस्तूची दोन अंगे असल्याने त्यांच्यात देवघेव होण्याचा प्रश्नच उरत नाही.

त्रिकोणाच्या स्वरूपातून त्याचे गुण निष्पन्न व्हावेत, तशी प्रत्येक घटना ईश्वराच्या स्वरूपातून अनिवार्यपणे निष्पन्न होते. त्यामुळे हेतू धरून जग निर्माण करणारा, कोपणारा किंवा प्रसन्न होणारा ईश्वर येथे संभवत नाही. मनुष्यही या नियमाला अपवाद नाही. फेकलेल्या दगडाला भान आले, तर आपण स्वेच्छेने जात आहोत असेच त्याला वाटेल, असा दृष्टान्त त्याने एका पत्रात दिला आहे. तथापि भावनांची कारणे उमगली की त्यांची पकड सैल होते; हेच मानवाचे स्वातंत्र्य. अशा आकलनातून उपजणाऱ्या आनंदाला त्याने ईश्वराविषयीचे बौद्धिक प्रेम म्हटले.

भारतीय विचारांशी तुलना

स्पिनोझाच्या एकतत्त्ववादाची तुलना अद्वैत वेदान्ताशी केली जाते. मात्र शांकरमतात ब्रह्म निर्गुण व जग मिथ्या आहे, तर स्पिनोझाच्या मते विस्तार हा ईश्वराचा खराखुरा गुणधर्म आहे. जगाला चैतन्याचा विलास मानणारी ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’तील भूमिका त्याला अधिक जवळची वाटते. तरीही एक मोठा भेद उरतो. वारकरी परंपरेत भक्ताच्या ओढीला विठ्ठल साद देतो. स्पिनोझाच्या मते ईश्वरावर खरे प्रेम करणारा त्याच्याकडून परतीच्या प्रेमाची अपेक्षाच करू शकत नाही.

प्रभाव

१६७८ मध्ये हॉलंडमध्ये त्याच्या मरणोत्तर ग्रंथावरही बंदी घालण्यात आली. जवळजवळ शतकभर त्याचे नाव निंदेसाठीच घेतले जाई. १७८५ मध्ये लेसिंगच्या कथित स्पिनोझावादावरून याकोबी आणि मेंडेल्सझोन यांच्यात वाद पेटला आणि त्यातून जर्मनीत त्याच्या विचारांचा नव्याने अभ्यास सुरू झाला. गटे व हेगेल यांच्यावर त्याचा प्रभाव पडला. आल्बर्ट आइनस्टाइनने १९२९ मध्ये आपली श्रद्धा स्पिनोझाच्या ईश्वरावर असल्याचे सांगितले होते. रेन्सबर्ग येथील त्याचे निवासस्थान आज संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले आहे.