ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन

ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ साली कलकत्त्यास झाला. पुढे त्या इंग्लंडातील वाइट बेटावर राहू लागल्या. १८६३ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, लेकीजावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. बाईंनी कोंबड्यांचे खुराडे मोकळे करून तेथेच चित्रशाळा थाटली! रॅफेलप्रभृती जुन्या इटालियन चित्रकारांची मेरीमातेची चित्रे त्यांच्या मनात भरली होती. घरची दासी मेरी हिलियर हिलाच डोईवरून वस्त्र पांघरवून त्यांनी मेरीमाता केले. एकेका छायाचित्रासाठी कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. मांडीवरचे मूल किंचित हलले, की चित्र पुसट होई. जाणत्या छायाचित्रकारांनी या पुसटपणास दोष दिला. बाईंना मात्र त्यातच सौंदर्य दिसे; त्यांनी तो टाकला नाही. १८६५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने त्यांची छायाचित्रे विकत घेतली. १८७९ साली सिलोनात त्या निवर्तल्या.