उकिरडा वाचणारा प्राध्यापक

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरील काही उकिरड्यांना त्यासाठी सहा-सात हजार वर्षे थांबावे लागले. त्यांचे पांग फेडणाऱ्या यापेटुस स्टीनस्ट्रुप यांच्याविषयी मला फार दिवसांपासून लिहायचे होते.

जन्म १८१३ चा, नॉर्वेतल्या वांग गावचा. कोपनहेगन विद्यापीठात ते सुमारे चार दशके प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते. किनाऱ्याला लागलेल्या एका चोचीवरून १८५७ मध्ये त्यांनी महाकाय माकुळाला शास्त्रीय नाव दिले. नाविकांच्या भाकडकथांतला राक्षस त्यामुळे प्राणिशास्त्रात आला.

डेन्मार्कच्या किनाऱ्यालगत शिंपल्यांचे प्रचंड ढीग होते. ते समुद्राने आणून टाकले, असेच लोक समजत. १८४८ मध्ये शोध घेण्यासाठी तिघांची समिती नेमली गेली. भूगर्भशास्त्रज्ञ फोर्खहामर, तरुण पुरातत्त्वज्ञ वॉर्सो आणि आपले स्टीनस्ट्रुप. पाहतात तो ढिगात कालवे, शिनाणे असे मोजकेच प्रकार, तेही पूर्ण वाढलेले, पिल्लू नाही. समुद्र एवढी निवड कशाला करील? शिवाय मधूनमधून चुलींची राख, गारगोटीची हत्यारे आणि मगज काढण्यासाठी फोडलेली हाडे. म्हणजे हा माणसांचा उकिरडा होता. आमच्या कोकणातल्या परसात कालवांच्या कवचांचा ढीग पाहत मी वाढलो, त्यामुळे हे वाचताना मला त्या लोकांविषयी उगाच आपलेपणा वाटला.

पण एक कोडे उरले. पक्ष्यांच्या लांब हाडांचे मधले दांडे मुबलक सापडत. त्यांची टोके आणि इतर मऊ हाडे जवळजवळ नाहीत. स्टीनस्ट्रुप यांनी काय करावे? काही कुत्रे कोंडून ठेवले आणि त्यांच्यापुढे हाडे टाकली. कुत्र्यांनी जी खाल्ली, नेमकी तीच उकिरड्यात गायब होती; जी टाकली, ती उकिरड्यात होती. म्हणजे त्या माणसांच्या पायाशी कुत्रा होता. गाय, मेंढी, कोंबडी यांचा पत्ता नाही. हरणे आणि रानडुकरे तेवढी भरपूर. शेती माहीत नसलेल्या माणसाने कुत्रा मात्र पाळला होता. मला त्यांच्या साऱ्या कामात हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो. त्याला ना यंत्र लागले ना पैसा.

हंसाच्या हाडांवरूनही त्यांनी असाच तर्क लढवला. त्या किनाऱ्यावर हे हंस हिवाळ्यातच उतरतात. तेव्हा माणसे थंडीतही तिथेच होती, उन्हाळ्यापुरती आलेली नव्हती.

एवढी तीक्ष्ण नजर असलेला हा माणूस एका ठिकाणी मात्र अडला. वॉर्सो म्हणत की उकिरडे करणारे शिकारी आणि दगडी थडगी बांधणारे शेतकरी वेगळ्या काळातले, शिकारी आधीचे. स्टीनस्ट्रुप यांना ते पटेना. एकाच समाजाचा उकिरडा गरिबासारखा दिसतो आणि थडगे श्रीमंतासारखे, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. आपल्या घरीही देवघर आणि मोरी सारखी कुठे दिसतात? वाद दोघांच्या हयातीत मिटला नाही. वॉर्सो १८८५ मध्ये वारले.

१८९३ मध्ये एर्टेबोले येथे नव्या पिढीने उत्खनन सुरू केले. निष्कर्ष १९०० साली प्रसिद्ध झाले आणि कौल वॉर्सो यांच्या बाजूने लागला. जुन्या उकिरड्यांत पाळीव प्राणी म्हणून फक्त कुत्राच. गुरामेंढरांची हाडे आढळली ती नंतरच्या, शेतकऱ्यांच्या काळातल्या उकिरड्यांत. निकाल हाडांनीच दिला, स्टीनस्ट्रुप यांनी शिकवलेल्या वाटेने. तो वाचायला ते स्वतः नव्हते. जून १८९७ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, कोपनहेगनमध्ये त्यांचे निधन झाले होते.