एकच इमारत बांधलेला आर्किटेक्ट

डिग्री एका विषयाची आणि काम भलत्याच विषयात, अशी माणसं तुमच्या आजूबाजूला ढिगाने असतील. सिव्हिल करून बँकेच्या परीक्षा देणारा दादा, फार्मसी करून डिजिटल मार्केटिंगमध्ये गेलेली ताई. घरातल्या लग्नकार्यात त्यांना हमखास ऐकावं लागतं, की मग एवढं शिकलात त्याचं झालं काय? अठराव्या शतकात रोममध्ये असाच एक तरुण होता. शिकला होता आर्किटेक्चर, पण दाखवायला एकही इमारत नव्हती. होती ती तांब्याच्या पत्र्यांची चळत. त्याचं नाव जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी.

जन्म 1720 चा, व्हेनिसच्या परिसरातला. वडील दगडाचं काम करणारे. मामा मात्तेओ लुक्केसी व्हेनिसच्या जलखात्यात आर्किटेक्ट. समुद्राचं पाणी शहरात शिरू नये म्हणून भक्कम बांध घालायचे, हे त्या खात्याचं काम. पोराचं पहिलं शिक्षण या मामाच्याच हाताखाली झालं. पाया, भिंत, दगडाचं वजन हे सगळं तो तिथे शिकला. जोडीला नाटकाचे पडदे रंगवण्यासाठी लागणारं पर्स्पेक्टिव्हही शिकला. हे दुसरं शिक्षण पुढे फार कामाला आलं.

1740 मध्ये व्हेनिसच्या राजदूताच्या ताफ्यात ड्राफ्ट्समन म्हणून तो रोमला पोहोचला. तेव्हा वय होतं जेमतेम वीस. समोर कोलोसियम, कमानी, पडके स्नानगृहांचे डोंगर. हे बांधणाऱ्यांच्या गावात आपणही काहीतरी अफाट बांधायचं, असं त्याच्या मनात होतं. पण काम कुठे होतं? नव्या भव्य इमारतींवर पैसा ओतणारे आश्रयदाते तेव्हा मिळत नव्हते. आजच्या भाषेत सांगायचं तर प्लेसमेंट शून्य.

मग त्याने जुझेप्पे वासी या कलाकाराकडे एचिंग शिकायला घेतलं. हे तंत्र समजून घ्या, कारण त्याचं पुढचं आयुष्य त्यावरच उभं आहे. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा. त्यावर सुईने चित्र ओरखडायचं. मग पत्र्यावर अ‍ॅसिड सोडायचं. जिथे थर निघालाय तिथलं तांबं अ‍ॅसिड खातं. जितका वेळ जास्त, तितकी रेघ खोल आणि छापल्यावर तितकी काळी. त्या रेघांत शाई भरायची, वर ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून दाबून काढायचा. रंगवलेलं चित्र एकदाच विकलं जातं, पत्र्यावरून मात्र प्रती काढत राहता येतात. युरोपातले श्रीमंत तरुण तेव्हा रोम बघायला यायचे आणि आठवण म्हणून शहराची चित्रं विकत न्यायचे. म्हणजे गिऱ्हाईक तयार होतं.

1743 मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं. त्यात मनाने रचलेल्या भव्य वास्तू होत्या. प्रस्तावनेत त्याने सरळ लिहिलं, की असं बांधून घेणारा कुणी उरलेला नाही, तेव्हा माझ्यासारख्या आर्किटेक्टला आपल्या कल्पना चित्रातून मांडण्यावाचून इलाज नाही. तरीही रोममध्ये जम बसेना. मध्ये काही काळ तो व्हेनिसला परतला, आणि पुन्हा रोमला आला तो कायमचाच.

1750 च्या आसपास त्याने 14 चित्रांचा एक विलक्षण संच काढला. विषय : काल्पनिक तुरुंग. हॅरी पॉटरमधले सरकणारे जिने आठवतात? हे तुरुंग बघताना तेच आठवतील. प्रचंड कमानी, कमानींमागे कमानी, दोरखंड, कप्प्या, साखळ्या. कुठेच न पोहोचणारे जिने. आणि या सगळ्यात मुंगीएवढी माणसं. नीट बघत गेलात तर लक्षात येतं, की यातल्या काही जागा प्रत्यक्षात बांधताच येणार नाहीत. पण खोटं वाटत नाही, कारण प्रत्येक दगड वजनदार दिसतो. तिथे मामाचं शिक्षण आणि नाटकाचे पडदे एकत्र आलेत. हा संच तेव्हा फारसा गाजला नाही, हेही खरं.

पोटापाण्याचं काम होतं ते रोमची दृश्यं काढायचं. मरेपर्यंत अशी 135 मोठी चित्रं त्याने केली. कोन असा निवडायचा, की पडकी भिंतसुद्धा अंगावर यावी. युक्ती इतकी जमली, की जर्मन लेखक गटेने चित्रं आधी पाहिली आणि अवशेष नंतर, तेव्हा त्याची चक्क निराशा झाली!

पण पिरानेसी नुसता भव्यता विकत नव्हता. 1756 च्या त्याच्या चार खंडांच्या ग्रंथात दोनशेहून जास्त चित्रं आहेत. त्यांत थडग्यांचे नकाशे आहेत, भिंतींचे छेद आहेत, पाया कसा भरला, दगड कसे उचलले असतील हे आहे. चित्रकाराने आर्किटेक्टच्या डोळ्यांनी केलेलं हे काम. रोमची पडझड डोळ्यांदेखत चालली होती, लोक जुने दगड उचलून नेत होते. निदान कागदावर तरी हे टिकावं, अशी त्याची धडपड होती.

या ग्रंथाला मदत करतो म्हणून लॉर्ड शार्लमाँट या आयरिश उमरावाने शब्द दिला होता. काम वाढत गेलं, पैसे आले नाहीत. पिरानेसी काही गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने पत्र्यावरून उमरावाचं नाव खोडून टाकलं आणि 1757 मध्ये सगळी पत्रं छापून त्याची शोभा केली. त्याच वर्षी लंडनच्या पुरातत्त्व अभ्यासकांच्या संस्थेने त्याला मानद सदस्य केलं.

त्याला संत समजू नका. ग्रीक मोठे की रोमन, या वादात तो रोमनांच्या बाजूने हिरिरीने उतरला आणि जिंकण्याच्या भरात भलतं ताणूनही बोलला. जुन्या शिल्पांचे तुकडे जोडून नव्या वस्तू घडवायच्या आणि श्रीमंतांना विकायच्या, हाही त्याचा धंदा होता. ब्रिटिश म्युझियममधलं त्याच्या नावाचं भलंमोठं पात्र त्यातलंच. त्यात जुनं कमी, नवंच जास्त.

एक गोष्ट मात्र त्याने सोडली नाही. चित्रांनी नाव मिळालं, दुकान चाललं, तरी पुस्तकांवर तो स्वतःला व्हेनिसचा आर्किटेक्ट असंच म्हणवून घेत राहिला. आणि 1764 मध्ये, चव्वेचाळिशीत, अखेर काम आलं. पोपच्या पुतण्याने आव्हेन्टिन टेकडीवरचं माल्टाच्या सरदारांचं छोटं चर्च नव्याने सजवायला दिलं. समोरचा चौकही त्याचाच. दोन वर्षांत ते पूर्ण झालं. यापेक्षा मोठं, लॅटरन चर्चचं कामही त्याच्याकडे आलं होतं. पण त्याची रेखाटनं तेवढी झाली, बांधकाम झालंच नाही. म्हणजे आयुष्यभराच्या खात्यात इमारत ती एकच.

1778 मध्ये तो गेला, तेव्हा पेस्टमच्या ग्रीक मंदिरांची चित्रं अर्धवट होती. ती मुलाने पुरी केली. तोवर जवळपास हजार चित्रं त्याच्या हातून झाली होती. त्याला त्या आव्हेन्टिनवरच्या चर्चमध्येच पुरलंय. आज पर्यटक तिथे रांग लावतात, पण शेजारच्या दरवाजाच्या किल्लीच्या भोकातून सेंट पीटरचा घुमट बघायला.

तुम्हाला रोमला जायची गरज नाही. तुरुंगांची चित्रं मोठ्या म्युझियमच्या वेबसाइटवर फुकट बघता येतात. 1761 मध्ये, चाळिशी गाठल्यावर, त्याने तेच जुने पत्रे पुन्हा हातात घेतले, रेघा आणखी खोल केल्या, जिने आणि साखळ्या वाढवल्या, दोन नवी चित्रं घातली. कुणी मागितलं नव्हतं, आधी फारसं चाललंही नव्हतं. एकाच चित्राच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवा आणि दुसऱ्यात काय काय वाढलंय ते शोधा. अर्धा तास कसा गेला कळणार नाही.